अण्णांची पॉइंट टू टू

माझ्याकडे .22 ची जुनी सेमी-ऑटोमॅटिक रायफल आहे असं सोलापुरात कुणाला सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला, "कशाला?" आणि दुसरा, "केवढ्याला जाईल?" पहिल्याला माझ्याकडे अजून धड उत्तर नाही. दुसऱ्याचं सोपं आहे. तिला असा बाजारभाव नाही. घेणाऱ्याकडे आधी परवाना पाहिजे, आणि ज्याच्याकडे परवाना आहे त्याला कंबरेला लावायला पिस्तूल पाहिजे असतं. शंभर वर्षांपूर्वीच्या डिझाईनची, ससा मारण्यापुरत्या ताकदीची रायफल कोण घेणार? त्यामुळे असल्या वस्तू वारसानंच पुढे सरकतात, नाहीतर दुकानदाराकडे जमा होऊन धूळ खातात. माझी कशी सरकली ते लिहितो. सध्या दोन-तीन ओळखीचे लोक त्याच वाटेवर आहेत आणि रोज फोन करून विचारतात, म्हणून एकदाच लिहून ठेवलेलं बरं.

अण्णा, म्हणजे माझे वडील, लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये साचेखात्यात होते. नोकरीत स्थिरावल्यावर त्यांनी ही रायफल पुण्यातल्या एका दुकानातून वापरलेलीच घेतली. तेव्हा सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर तित्तर, ससे मिळायचे, आणि रविवारी सायकल मारत जाऊन दोन तित्तर आणण्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. 1972 ला वन्यजीव संरक्षण कायदा आला. 1979 ला त्याच भागात माळढोकांसाठी अभयारण्य झालं. अण्णांची शिकार संपली, परवाना मात्र त्यांनी मरेपर्यंत सोडला नाही. नूतनीकरणाची तारीख त्यांना आमच्या वाढदिवसांपेक्षा पक्की ठाऊक असायची. गड्ड्याच्या जत्रेची गर्दी ओसरली की एका दुपारी रायफल बाहेर निघायची, तिला तेल लागायचं आणि ती परत कपाटात जायची. आम्ही पोरं दारात बसून बघायचो. हात लावायची सोय नव्हती.

घरात तशा तीन बंदुका होत्या. ही .22, एक दुनळी बारा बोअर आणि गावाकडच्या वाटणीत आलेली ठासणीची. 2019 साली शस्त्र कायद्यात दुरुस्ती झाली आणि एका परवानाधारकाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतील असं ठरलं. जादाची असेल ती वर्षभरात, म्हणजे 13 डिसेंबर 2020 च्या आत, पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करायची होती. अण्णा तेव्हा नव्वदीच्या घरात. आम्हाला वाटलं, .22 जाणार. बारा बोअरचा शेतावर निदान धाक असतो, ठासणीची घराण्याची आहे, ही मधलीच कुठली? अण्णांनी ठासणीची दिली. धाकटा भाऊ कुरकुरला तेव्हा म्हणाले, "ठासणीची कुठलाही लोहार करील. ही कर बघू."

पुढच्याच वर्षी ते गेले.

परवाना माणसाच्या नावावर असतो, घराच्या नाही. ही गोष्ट माणूस गेल्यावरच घरच्यांच्या ध्यानात येते. परवानाधारक वारला की ती बंदूक घरात ठेवणं हेच बेकायदा होतं. शस्त्र कायद्याचं कलम 21 सांगतं की विनाकारण उशीर न लावता ती जमा करा. आमच्या गल्लीतल्या वकिलांनी सुतकातच कानावर घातलं, "बाकीचं नंतर बघू, आधी दोन्ही बंदुका दुकानात द्या आणि पावती घ्या." दिल्या. पावतीवर नंबर नीट उतरलाय का हे मी तिथंच काउंटरवर ताडून घेतलं, कारण पुढचा सगळा कारभार त्या नंबरावर चालतो. एक आकडा इकडचा तिकडे झाला तर कागदावरची रायफल वेगळी आणि रॅकमधली वेगळी होऊन बसते.

दुकानदार अण्णांच्या ओळखीचे. पावती फाडताना म्हणाले, "हयातीतच तुमच्या नावावर केली असती की ओ मालकांनी." खरं होतं. परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला किंवा बंदूक त्याच्याकडे पंचवीस वर्षं राहिली, यातलं जे आधी होईल तेव्हा तो आपल्या वारसाला ती देऊ शकतो, अशी नियमात सोय आहे. अण्णा दोन्हीत कधीच बसले होते. पण दिली म्हणजे आपण संपलो, असं त्यांना वाटत असावं. कुणीही हा विषय काढला की ते पेपर वाचायला घ्यायचे.

वारस आम्ही चौघं. आई, मी, बार्शीचा भाऊ आणि लातूरला दिलेली बहीण. दुनळी भावानं घ्यायची आणि .22 मी, हे बोलण्यातच ठरलं. पण प्रत्येक बंदुकीसाठी बाकीच्या तिघांचं ना-हरकत प्रतिज्ञापत्र लागलं. आईनं सही करताना फक्त चष्मा मागितला. बहीण अडली.

"दादा, नातवंडं येतात घरात. ते लोढणं कशाला ठेवून घ्यायचं?"

"कुलपात राहणार की."

"अण्णांचंही कुलूप होतं. किल्ली देवघरात समईखाली असायची, हे आपल्या तिघांनाही माहीत होतं."

यावर बोलायला मला तोंड नव्हतं. शेवटी तिनं सही दिली, पण किल्ली माझ्या करगोट्यात राहील या अटीवर. थट्टेत म्हणाली होती. मी ती खरोखर जानव्यासारखी अंगावरच वागवतो, आणि लातूरला गेलो की ती आधी चहा विचारत नाही, किल्ली विचारते.

सोलापूर शहरात राहणाऱ्याचा अर्ज पोलीस आयुक्तालयाकडे जातो. बार्शीला राहणाऱ्याचा जिल्हाधिकाऱ्यांकडे. म्हणजे एकाच बापाच्या दोन बंदुका, दोन भाऊ, दोन कार्यालयं. कागद तेच असले तरी दोन्हीकडे मूळ प्रती पाहिजेत. मृत्यूचा दाखला, अण्णांचा मूळ परवाना, दुकानदाराची पावती, ना-हरकती, ओळख आणि पत्त्याचे पुरावे, वैद्यकीय दाखला. शिवाय बंदूक सुरक्षित ठेवण्याची हमी आणि शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र. अर्ज ऑनलाइन भरला तरी कागदांचा गठ्ठा हातातच न्यावा लागतो. यात रडण्यासारखं काही नाही. सातबारावर वारसनोंद करताना मला याहून जास्त चपला झिजवाव्या लागल्या आहेत.

प्रशिक्षणाची मजा वेगळीच. माझ्याबरोबर सगळी पंचविशीतली पोरं, बँकेच्या आणि एटीएमच्या गाड्यांवर गार्ड म्हणून लागणारी. मी एकटा डोक्यानं पांढरा. शिकवणाऱ्यानं मला विचारलं, "काका, तुम्ही कुठल्या बँकेत?" मी म्हटलं, घरच्या. शिकवलं मात्र त्यानं नेमकं. बंदूक हातात आली की पहिल्यांदा नळीचं तोंड कुठं आहे ते बघायचं. रिकामी आहे असं कुणी सांगितलं तरी स्वतः उघडून बघायचं, वाटल्यास बोट घालून बघायचं. घोड्यावर बोट सगळ्यात शेवटी. अण्णा हे सगळं करताना मी लहानपणी बघितलं होतं, पण ते बोलत काही नव्हते, त्यामुळे मला ती त्यांची सवय वाटायची.

खरी गाठ आली ती रायफलच्या वर्णनात. अण्णांच्या परवान्यावर पहिल्यापासून एवढंच, ".22 बोअर रायफल, नग एक". कंपनीचं नाव, नंबर, संपलं. शस्त्र नियमांच्या अनुसूचीत बंदुकांचे वर्ग पाडलेले आहेत. सेमी-ऑटोमॅटिक बंदुका वरच्या, बंधनाच्या वर्गात. त्यांचा परवाना केंद्रीय गृह मंत्रालयाच्या हातात. कमी वेगाची रिमफायर, म्हणजे बुडाच्या कडेवर पिन आपटून उडणारी, काडतुसं वापरणारी .22 रायफल मात्र खालच्या, साध्या वर्गात, बारा बोअरच्या शेजारी. माझी वस्तू .22 रिमफायरही होती आणि सेमी-ऑटोमॅटिकही. एका शहाण्यानं सल्ला दिला, "इतकी वर्षं नुसतं .22 चाललंय, तुम्ही कशाला नवीन शब्द घुसवता?" मला पटलं नाही. यंत्रमागाचे सुटे भाग विकून मी पोट भरतो. माल एक आणि बिलावर दुसरा असला की कधी ना कधी कोण गळ्यात पडतो ते मला माहीत आहे. मी अर्जात सेमी-ऑटोमॅटिक असं ठळक लिहिलं आणि सोबत रायफलचे फोटो जोडले. ट्रिगर एकदा दाबला की एकच गोळी सुटते आणि पुढच्या गोळीला तो सोडून पुन्हा दाबावा लागतो, हे साध्या मराठीत एका पानावर मांडलं. दाबून धरला की गोळ्या सुटतच राहतात ते शस्त्र निराळं, त्याला कायद्यात थेट प्रतिबंधित म्हटलंय. फाईल वर गेली. वर गेलेल्या फाईलचं काय होतं हे खाली कुणालाच सांगता येत नाही, तिथं काम फक्त धीर धरण्याचं.

मधल्या काळात एक हवालदार घरी येऊन कपाट बघून गेले. भिंतीला बोल्टनं आवळलंय का, काडतुसं कुठं ठेवणार, घरात कोण कोण असतं, कुणाशी वाद आहे का, सगळं विचारलं. शेजारी दोन घरांत चौकशी केली. त्यानंतर महिनाभर शेजारच्या वहिनी माझ्याशी जरा जास्तच अदबीनं बोलत होत्या.

परवाना आला, त्यावर अठरा अंकी कसला तरी नंबर आला, वर्णनात सेमी-ऑटोमॅटिक हा शब्द आला, आणि दुकानदारानं रायफल काउंटरवर ठेवली. साठी ओलांडल्यावर मी ती पहिल्यांदा हातात घेतली.

आता तिच्याबद्दल. ही बेल्जियमच्या एफएन कारखान्याची ब्राउनिंग, जिला जाणकार एसए-22 म्हणतात. डिझाईन जॉन मोझेस ब्राउनिंगचं. पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर, 1914 च्या सुमाराला, हर्स्टाल गावात तिचं उत्पादन सुरू झालं. पुढे अमेरिकेत रेमिंग्टननं तीच थोड्या फरकानं मॉडेल 24 म्हणून काढली, मग मॉडेल 241 म्हणून. नळीवर बेल्जियन चाचणीचा शिक्का आहे, लंबगोलात ईएलजी ही अक्षरं. भिंगाशिवाय दिसत नाहीत.

तिचं वेगळेपण वरून बघून कळत नाही, कारण वरून बघायला तिथं काहीच नाही. पाठ सपाट, दोन्ही बाजू बंद. रिकामं काडतूस बाहेर पडायची खिडकी खालच्या अंगाला, ट्रिगरच्या पुढे. पितळ सरळ खाली पडतं. कोपर जरा आत घेतलं की गरम टोपण बाहीत शिरतं, आणि अण्णा पूर्ण बाह्यांचा शर्ट का घालत नव्हते याचा उलगडा मला रेंजवर झाला. गोळ्या भरायच्या त्या कुंद्यात, म्हणजे खांद्याला टेकवायच्या लाकडात. कुंद्याच्या तळातून एक बारीक नळी फिरवून मागे ओढायची. कुंद्याच्या उजव्या अंगाला लाकडात बोटाच्या पेराएवढं भोक आहे, त्यातून एकेक काडतूस, नाक पुढे करून, आत सोडायचं. लाँग रायफल या नेहमीच्या .22 जातीची दहा-अकरा मावतात. मग ती बारीक नळी पुढे दाबून फिरवली की आतली स्प्रिंग काडतुसांना पुढे रेटत राहते. त्या भोकाच्या कडेचं लाकूड अण्णांच्या अंगठ्यानं काळं गुळगुळीत झालंय. मी ते पॉलिश करायला कुणालाही देणार नाही.

आणि ती दोन तुकड्यांत निघते. बोल्ट, म्हणजे मागे-पुढे सरकून काडतूस आत बसवणारा लोखंडी तुकडा, किंचित मागे धरायचा, नळीखालचा खटका पुढे सरकवायचा, नळी पाव फेरा फिरवायची, सुटली. सायकलच्या दांडीला बांधून नान्नजला न्यायला अण्णांना ती का आवडली असेल ते तेव्हा कळलं. सतत काढ-घाल करून जोड ढिला पडतो, ही या बनावटीची जुनी खोड. ब्राउनिंगनं त्याची तजवीज आधीच करून ठेवली आहे. नळीच्या बुडाशी दातेरी कडं आहे. एक दाता फिरवला की जोड पुन्हा घट्ट. माझ्या रायफलमध्ये ते कडं फिरवायला अजून भरपूर दाते शिल्लक आहेत. म्हणजे अण्णांनी ती फार वापरली नाही, किंवा फार जपून वापरली.

यंत्र इतकं साधं कसं, तर काडतुसामुळे. रिमफायर म्हणजे बार पेटवणारा मसाला काडतुसाच्या बुडाच्या कडेत भरलेला असतो. पिन मध्यावर नाही, कडेवर आपटते. कड पातळ ठेवावी लागते म्हणून आत दाबही फार चालत नाही. दाब कमी, म्हणून बोल्टला कुलपासारखं अडकवून ठेवायची गरज नाही. बोल्टचं वजन आणि मागची स्प्रिंग एवढ्यावर भागतं. गोळी पुढे गेली की रिकामं टोपणच बोल्टला मागे ढकलतं, जाता जाता बाहेर पडतं, आणि स्प्रिंग बोल्टला पुढे आणताना नवं काडतूस घेऊन येते. यंत्रमागावर धोटा पलीकडच्या पेटीत आपटून परत फिरतो तसंच. फटका जास्त झाला तर आपटणार, कमी झाला तर मध्येच अडकणार. त्यामुळे काडतूस जरा अशक्त असलं की सेमी-ऑटो रुसते. त्याच गोळ्या हातानं बोल्ट ओढायच्या रायफलमध्ये बिनतक्रार चालतात, म्हणून बहुतेक लोक तीच घेतात. मला ही रुसणारीच आवडते.

माझी सुरुवातीला रुसलीच. कुंद्यातली स्प्रिंग थकली होती, शेवटची दोन-तीन काडतुसं पुढे सरकत नव्हती. माझ्या दुकानापासून हाकेच्या अंतरावर स्प्रिंगा वळणारे आहेत. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत लेथला तोटा नाही. तासाभराचं काम. पण शस्त्र कायद्यात बंदुकीचे सुटे भागही बंदुकीतच धरलेले आहेत, आणि ते बनवायला, दुरुस्त करायला वेगळा परवाना लागतो. आयुष्यभर दुसऱ्यांची यंत्रं दुरुस्त केलेल्या माणसानं स्वतःच्या रायफलची स्प्रिंग बदलायला परगावच्या परवानाधारक मिस्त्रीपुढे रांग लावायची, हे पचायला जड गेलं. मिस्त्री मात्र भारी. त्यानं नळी दिव्याकडे धरली, डोळा लावला आणि म्हणाला, "मालक, ही पुढून कधी साफ केली नाही, बरोबर?" बरोबर होतं. नळी सुटी निघते म्हणून अण्णा सळई नेहमी मागच्या बाजूनं घालायचे. पुढून सळई घातली की तोंडाशी आतले आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणारे पीळ, झिजतात आणि नेम जातो. जुनी .22 घेताना पहिल्यांदा तोंड बघा असं तो म्हणतो, आणि आता मीही तेच सांगतो.

परवान्याची फाईल वर असताना मला याच जातीच्या विचित्र रायफली बघायचा नाद लागला. विकत घ्यायच्या नाहीत, नुसत्या बघायच्या. अक्कलकोटच्या राजवाड्यातलं शस्त्रागार लहानपणापासून पाहिलेलं, पण तिथं मन तलवारी-कट्यारीतच अडकतं. मी हिंडलो ते दुकानदारांच्या मागच्या खोल्यांतून, जिथं वारस न आलेल्या बंदुका चिठ्ठ्या बांधून उभ्या असतात. एका ठिकाणी जर्मन वॉल्थर मॉडेल 2 दिसली. तिच्या बोल्टची मूठ अडकवली की हातानं चालवायची, मोकळी सोडली की आपोआप चालणारी. एकाच बंदुकीत दोन स्वभाव. दुसरीकडे फ्रेंच गेव्हार्म. तिचा बोल्ट मागेच उभा राहतो. ट्रिगर दाबला की तो पुढे येतो, वाटेत काडतूस उचलतो आणि आत बसवता बसवता उडवतो. तिला वेगळी पिनच नाही, बोल्टच्या तोंडावर आडवा कंगोरा आहे, तो कडेला दोन्हीकडून बसतो. इतका कमी भागांचा हिशोब मी दुसऱ्या कुठल्याच यंत्रात पाहिलेला नाही. अमेरिकन स्टीव्हन्स 87 ची तऱ्हा आणखी निराळी. गोळी सुटल्यावर बोल्ट मागे जाऊन थांबतो आणि ट्रिगरवरचं बोट उचललं तरच पुढे येतो. ती मी फक्त चित्रात पाहिली.

सगळ्यात जीव अडकला तो विजापूरकडच्या एका वाड्यातल्या विंचेस्टर 1903 मध्ये. बाजारात चाललेल्या पहिल्या रिमफायर सेमी-ऑटोंपैकी ती एक. तिला बार भरायला नळीखालच्या लाकडातून पुढे आलेली दांडी तळहातानं आत दाबायची. तेव्हा काळ्या बारुदीची .22 काडतुसंही बाजारात होती. त्यांच्या काजळीनं असलं यंत्र चोंदतं, म्हणून कंपनीनं या रायफलसाठी वेगळ्या मापाचं काडतूसच काढलं, म्हणजे दुसरं कुणी घालणारच नाही. युक्ती चांगली होती. 1933 ला कंपनीनं साध्या लाँग रायफलवर चालणारी मॉडेल 63 आणली, आणि 1903 चं ते खास काडतूस पुढे जवळजवळ बंदच पडलं. वाड्यातले आजोबा म्हणाले, "शेवटची पेटी माझ्या लग्नात उडवली."

ते ती द्यायला तयार आहेत. माझ्या परवान्यावर एक जागा मोकळी आहे. विकणाऱ्यानं 45 दिवस आधी लेखी कळवायचं, मग दोन राज्यांतला पत्रव्यवहार, मग पुन्हा तोच सेमी-ऑटोमॅटिकचा प्रश्न, आणि या वेळी वारसाची पुण्याईही नाही. एवढं करून हाती काय, तर जिच्यात घालायला गोळी नाही अशी रायफल. भाऊ म्हणतो, दादाला वेड लागलंय. दुकानदार म्हणतात, ती एक जागा .32 रिव्हॉल्व्हरसाठी राखून ठेवा, वेळप्रसंगी उपयोगी पडेल. बहिणीला अजून सांगितलेलं नाही.

आजोबांना मी दिवाळीनंतर कळवतो म्हणालोय. तोवर त्यांनी नळीत पुढून सळई घालू नये, एवढं सांगून आलोय.